शंभर पॅच आणि एक टक्का: उबुंटूने ओपन सोर्सला दिलं तरी काय?

सप्टेंबर २००८, अमेरिकेतलं पोर्टलंड. पहिलीच लिनक्स प्लंबर्स कॉन्फरन्स भरली होती, म्हणजे लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नल (सिस्टीमचा गाभा), ड्रायव्हर, एक्स (पडद्यावर खिडक्या दाखवणारा भाग), ऑडिओ असल्या खालच्या थरात हात घालणाऱ्या लोकांचा मेळा. तिथे ग्रेग क्रोह-हार्टमन बोलायला उभा राहिला. कर्नलमधला मोठा माणूस, स्टेबल कर्नल तोच बघायचा, आणि तेव्हा नोकरीला होता नोव्हेलमध्ये, म्हणजे सुसे लिनक्स विकणाऱ्यांकडे. त्याने पडद्यावर सरळ आकडे टाकले. मागच्या काही वर्षांत कर्नलमध्ये साधारण एक लाख पॅच, म्हणजे कोडमधले बदल, गेले, त्यात लिनक्स विकणाऱ्या रेड हॅटचे अकरा हजारांच्या वर, नोव्हेलचे सात हजारांच्या वर, आणि उबुंटू हे लिनक्स काढणाऱ्या कॅनोनिकलचे शंभर.

हजार नाही, शंभर.

बरं, नुसता कर्नलच नाही, जीसीसी कंपायलर घ्या, त्याच्या जोडीची बायनयुटिल्स घ्या, एक्सचा एक्स.ऑर्ग प्रोजेक्ट घ्या, सगळीकडे कॅनोनिकलचं नाव शोधायला भिंग लागेल अशीच परिस्थिती, असं त्याचं म्हणणं. त्या दिवसापासून जो वाद पेटला तो पुढे तीन-चार वर्षं जोरात चालला, मग वेगवेगळ्या नावांनी धुमसत राहिला, आणि खरं सांगायचं तर अजून विझलेला नाही. हे प्रकरण मला पहिल्यापासून इंटरेस्टिंग वाटतं कारण दोन्ही बाजूंचे लोक हुशार होते, दोन्ही बाजूंचे आकडे बऱ्यापैकी खरे होते आणि तरी दोघं एकमेकांच्या शेजारून बोलत होते.

आधी थोडी पार्श्वभूमी, ज्यांनी तो काळ बघितला नाही त्यांच्यासाठी. मार्क शटलवर्थ हा दक्षिण आफ्रिकेचा. त्याने थॉट नावाची, वेबसाइटना सुरक्षेचं सर्टिफिकेट देणारी कंपनी काढली, १९९९ मध्ये ती व्हेरिसाइनला साधारण ५७ कोटी डॉलरला विकली, २००२ मध्ये स्वतःच्या पैशाने अंतराळ स्थानकावर जाऊन आला, आणि २००४ मध्ये कॅनोनिकल सुरू केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात उबुंटूचं पहिलं व्हर्जन आलं, ४.१०. पाया डेबियन या हौशी लोकांनी चालवलेल्या लिनक्सचा, डेस्कटॉप (खिडक्या, मेनू, पट्ट्या) नोम या प्रोजेक्टचा, दर सहा महिन्यांनी रिलीज, एकाच सीडीत सगळं. आणि सीडी फुकट, शिपइट म्हणून प्रकार होता, फॉर्म भरला की जगात कुठेही पोस्टाने घरी यायची. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या होस्टेलांमध्ये किती पोरांनी पहिलं लिनक्स त्या सीडीवर बघितलं याचा कोणी हिशोब ठेवलेला नाही, पण तेव्हाच्या कुठल्याही लिनक्सवाल्याला विचारा, त्याच्याकडे ते पुठ्ठ्याचं पाकीट असणार.

तर लोकप्रियता उबुंटूची. पेपरात, मासिकांत लिनक्स म्हणजे उबुंटू असंच समीकरण झालेलं. आणि ज्यांनी दहा-दहा वर्षं आतलं कोडिंग केलं ते बघतायत की आपल्या कामावर रंग लावून दुसराच कोणीतरी टाळ्या घेतोय. आयत्या बिळावर नागोबा, हीच भावना होती. ती कोणी तोंडावर म्हणत नव्हतं, ग्रेगने आकड्यांत म्हटली.

कॅनोनिकलचा सीटीओ तेव्हा मॅट झिमरमन. त्याने उत्तर दिलं, आणि त्यात दोन मुद्दे दमदार होते. एक, बोलणारा माणूस नोव्हेलचा पगार घेतो आणि नोव्हेल आमची थेट स्पर्धक, हे उघडपणे सांगून मग बोलायला हवं होतं. दोन, ग्रेगने ‘लिनक्सची इकोसिस्टीम’ म्हणून जी यादी घेतली त्यात डेस्कटॉप नाहीच. आमचं काम मुख्यतः वरच्या थरात आहे, इन्स्टॉलर, पॅकेजिंग, इंटिग्रेशन, सपोर्ट, आणि तुम्ही मोजताय तळघर. ठीक आहे, वाजवी आहे. पण मग पुढचा प्रश्न आपोआप येतोच की चला, वरचा थर मोजू.

तो मोजला गेला २०१० मध्ये. डेव्ह नियरी याने नोम सेन्सस केला, म्हणजे नोम डेस्कटॉपमध्ये कोणी किती काम केलं त्याची शिरगणती, आणि त्या जुलैत नेदरलँड्समध्ये द हेगला ग्वाडेक कॉन्फरन्समध्ये निकाल मांडले. रेड हॅट १६ टक्क्यांच्या थोडं वर, नोव्हेल १० च्या वर, आणि कॅनोनिकल १.०३ टक्के. आता इथे ‘आम्ही वरच्या थरात काम करतो’ ही पळवाट बंद झाली, कारण नोम हाच तर उबुंटूचा चेहरा होता. रेड हॅटमध्ये फेडोराच्या, म्हणजे कंपनीच्या फुकट लिनक्सच्या, कम्युनिटीचं काम केलेल्या आणि तोवर कंपनी सोडलेल्या एकाने भडकून लिहिलं की कॅनोनिकल ही इंजिनिअरिंगचा मुखवटा घातलेली मार्केटिंग कंपनी आहे. नंतर त्याने माफीही मागितली, पण वाक्य सुटलं ते सुटलं, लोकांना ते पाठ झालं.

शटलवर्थने त्यावर जे लिहिलं त्याचा सूर असा की ही टोळीबाजी आहे, आपण आपसांत भांडतोय आणि खरा प्रतिस्पर्धी बाहेर मजा बघतोय. कंपनीच्या मालकाला हे म्हणणं सोपं असतं. पण त्याच सेन्ससमध्ये अजून एक गोष्ट होती जिच्याकडे भांडणाच्या नादात फार कोणी बघितलं नाही. नोमच्या डेव्हलपरांपैकी ७० टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वतःला हौशी म्हणवलं, आणि कमिट, म्हणजे कोडमध्ये नोंदलेले बदल, मात्र ७० टक्क्यांहून जास्त पगारी लोकांचे. म्हणजे ओपन सोर्स हे रात्री जागून पोरं फुकट लिहितात ही जी गोड समजूत आहे ती २०१० मध्येच संपली होती, काम कंपन्या करत होत्या, म्हणून कुठली कंपनी किती करते हा प्रश्न एवढा झोंबणारा झाला.

आता आकड्यांबद्दल माझं स्वतःचं एक गणित. रेड हॅटचा २००८-०९ चा महसूल होता ६५ कोटी डॉलरच्या आसपास. कॅनोनिकल खाजगी कंपनी, पण २००९ च्या सुरुवातीला शटलवर्थने न्यूयॉर्क टाइम्सला सांगितलं होतं की वार्षिक महसूल ३ कोटी डॉलरच्या दिशेने सरकतोय, माणसं दोनशेच्या वर. म्हणजे रेड हॅट साधारण वीसेक पट मोठी. आणि नोममधल्या योगदानात फरक किती, तर सोळा पट. कंपनीच्या वजनाच्या हिशोबाने बघितलं तर कॅनोनिकल रेड हॅटच्या बरोबरीने, किंबहुना काकणभर सरसच ठरते! हे कोणी कसं म्हटलं नाही याचं मला नवल वाटतं, किंवा म्हटलं असेल आणि आरडाओरड्यात बुडालं असेल.

पण थांबा, लगेच कॅनोनिकलच्या बाजूने टाळ्या नकोत. हेच गणित कर्नलला लावा, तिथे फरक शंभर पटींहून जास्त आहे, वीस पट मोठी कंपनी म्हणून तो माफ होत नाही. शिवाय रेड हॅट पैसे कमवायची सर्व्हरवर, डेस्कटॉप हा तिच्यासाठी साइड बिझनेससुद्धा धड नव्हता. कॅनोनिकलचं सगळं नाव डेस्कटॉपवर. ज्याचं पोट ज्या भाकरीवर त्याने तिथे जास्त पीठ मळावं ही अपेक्षा काही गैर नाही.

असो. मुळात हे मोजतात कसं ते बघू, कारण घोडं इथेच पेंड खातं.

गिटमध्ये, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणाऱ्या टूलमध्ये, प्रत्येक कमिटला लेखकाचं नाव आणि ईमेल असतं. मोजणारी स्क्रिप्ट ईमेलचं डोमेन बघते, रेड हॅटचं असेल तर रेड हॅटच्या खात्यात, जीमेलचं असेल तर ‘माहीत नाही’ नाहीतर माणसाला विचारून लावलेल्या खात्यात. एक अक्षर बदललेला कमिटही एक आणि सहा महिने डोकं खाऊन लिहिलेला शेड्युलरचा कमिटही एक. आता एक बग घ्या, खरा कुठला नाही, पण असे हजारो झाले. नागपुरात कोणाच्या तरी लॅपटॉपवर झाकण बंद करून उघडलं की वायफाय जातं. तो लाँचपॅडवर, म्हणजे उबुंटूच्या बग ट्रॅकरवर तक्रार टाकतो. तिथे कोणीतरी हौशी माणूस विचारतो की बाबा कुठलं कार्ड, डीमेसेजचं (कर्नलच्या नोंदींचं) आउटपुट टाक, जुन्या कर्नलवर बूट करून बघ. पंधरा जण ‘मलाही’ म्हणून चिकटतात. कोणीतरी शोधून काढतं की अमुक व्हर्जनपासून बिघडलं. मग हे सगळं बांधून कर्नलच्या बगझिलात, म्हणजे कर्नलच्या स्वतःच्या बग ट्रॅकरवर टाकलं जातं, आणि तिथे रेड हॅट नाहीतर इंटेलमधला ड्रायव्हर सांभाळणारा माणूस बघतो, अरे ही एक ओळ राहिली, आणि पॅच टाकतो. हिशोबात काय लागलं, रेड हॅट किंवा इंटेल एक, उबुंटू शून्य. नव्वद टक्के पायपीट ज्यांनी केली त्यांचं गिटमध्ये नाव नाही, फार तर ‘रिपोर्टेड बाय’ म्हणून एक ओळ.

हा उबुंटूवाल्यांचा सगळ्यात सच्चा मुद्दा होता आणि तो मला शंभर टक्के पटतो. पंगतीत आचाऱ्याइतकाच वाढपीही लागतो.

पण याचीच दुसरी बाजू डेबियनवाल्यांना विचारा. उबुंटू डेबियनचं पॅकेज घ्यायचं, त्यात स्वतःचे बदल करायचं. ते बदल पॅकेजच्या आत पॅचेस नावाच्या फोल्डरमध्ये पडून असतात. सुरुवातीच्या वर्षांत उबुंटूने काय केलं, तर सगळे फरक एका वेबसाइटवर ढिगाने टाकून दिले, या आणि हवं ते उचला. एका पॅकेजचा एकच भलामोठा डिफ (फरकांची यादी), त्यात बग फिक्सही, ब्रँडिंगही, पॅकेजचं व्हर्जन बदललेलंही, सगळी खिचडी. डेबियनचा मेंटेनर बिचारा हौशी, संध्याकाळी ऑफिसातून येऊन बसणार, तो यातून कामाची ओळ कशी वेचणार? कायद्याने बघाल तर परतफेड झाली, लायसन्स पाळलं, कोड उघडा आहे. पण दिलं म्हणजे घेणाऱ्याला घेता आलं पाहिजे. पुढे २००९ च्या सुमारास डेबियनमध्ये पॅचच्या डोक्यावर माहिती लिहायची एक ठरलेली पद्धत आली, त्यात एक ओळ असते ‘फॉरवर्डेड’, म्हणजे हा पॅच मूळ प्रोजेक्टला पाठवला का, हो की नाही की गरज नाही. मला विचाराल तर कुठल्याही डिस्ट्रोची, म्हणजे उबुंटू-डेबियनसारख्या लिनक्सच्या तयार संचाची दानत बघायची तर त्या एका ओळीत बघावी, कमिटच्या टक्क्यात नाही.

थोडं आपल्याकडचं. उबुंटूवर त्या काळी मराठी वाचायला मिळायचं ते बहुतेकदा लोहित फॉण्टमध्ये. हे फॉण्ट मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे, श्रीलिपीवाल्यांचे, आणि ते २००४ मध्ये जीपीएल, म्हणजे बदलही खुले ठेवा म्हणणाऱ्या लायसन्सखाली खुले केले रेड हॅटने. नंतर ते सांभाळण्याचं कामही बरंचसं रेड हॅटच्या पुण्याच्या ऑफिसातल्या लोकांनी केलं. वापरणाऱ्याला मात्र वाटायचं, वा, उबुंटूत मराठी किती छान दिसतं! आणि भाषांतराचाही असाच घोळ, नोमचं मराठी भाषांतर नोमच्या टीमकडे होतं, पण लाँचपॅडवर कोणीही उठून उबुंटूसाठी वेगळं भाषांतर करू शकायचं, आणि ते मूळ प्रोजेक्टपर्यंत आपोआप जायचं नाही. एकच मेनू दोन ठिकाणी दोन प्रकारे भाषांतरित. मेहनत खरी, पण वाहून गेली. फक्त मराठीचं नाही, कितीतरी भाषांच्या टीम यावर वैतागल्या होत्या.

इथून मला या प्रकरणाचा खरा गाभा दिसायला लागतो. कॅनोनिकल काम करत नव्हती असं नाहीच. करत होती, पण स्वतःच्या कंपाउंडच्या आत. लाँचपॅड घ्या, बग, भाषांतर, कोड होस्टिंग सगळं तिथे, आणि ते स्वतः क्लोज्ड सोर्स होतं, खूप बोंबाबोंब झाल्यावर जुलै २००९ मध्ये खुलं केलं. जग गिटकडे चाललेलं असताना हे बझार या स्वतःच्या टूलवर. आणि कॅनोनिकलच्या कुठल्याही प्रोजेक्टला पॅच द्यायचा तर आधी कॉपीराइट कंपनीच्या नावे करून द्यायचा कागद सही करायचा. २०११ मध्ये तो जरा सौम्य केला, कॉपीराइट तुमच्याकडेच राहील पण आम्हाला हव्या त्या लायसन्सखाली वापरायची परवानगी द्या, असं. तरी मेख तीच, तुम्ही जीपीएलने बांधलेले, कंपनी मात्र मोकळी. नोव्हेल किंवा रेड हॅटचा माणूस कशाला सही करेल? त्याचे वकीलच करू देणार नाहीत.

याचा सगळ्यात बोलका नमुना म्हणजे अ‍ॅप इंडिकेटर. वरच्या पट्टीत घड्याळाशेजारी जी छोटी चिन्हं असतात, त्यांचा कारभार नीट लावायला कॅनोनिकलने केडीई या नोमसारख्याच दुसऱ्या डेस्कटॉपच्या लोकांनी काढलेलं एक स्पेसिफिकेशन उचललं, त्यावर लायब्ररी लिहिली, म्हणजे केडीई आणि नोम दोन्हीकडे एकच अ‍ॅप नीट दिसेल. झकास कल्पना. नोम ३ साठी ती लायब्ररी घ्या म्हणून प्रस्ताव दिला, आणि नोमने नाही म्हटलं. कारणं दिली ती अशी की नोम शेलशी, म्हणजे नोम ३ च्या नव्या चेहऱ्याशी हे जुळत नाही, नोमच्या आतलं कोणी वापरत नाही, आणि कॉपीराइटचा कागद आहेच. शटलवर्थ चिडला, केडीईवालेही नोमवर चिडले, नोमवाले म्हणाले की तुम्ही घरी सगळं शिजवून आणलंत आणि मग ताट पुढे केलंत, आधी बसून बोलला असतात तर? २०११ च्या मार्चमध्ये यावर जी जुंपली ती आज वाचली तरी दमायला होतं. माझ्या मते इथे नोमचीही चूक होती, चर्चा कुठे करायची हे बाहेरच्याला कळायला त्यांच्याकडे धड जागाच नव्हती. पण तोवर कॅनोनिकलने युनिटी हा स्वतःचा डेस्कटॉप डिफॉल्ट करायचं जाहीर केलं होतं आणि पूल बराचसा मोडला होता.

त्याच महिन्यांतलं बॅनशीचं प्रकरण तर अजूनच कोतं. बॅनशी म्हणजे म्युझिक प्लेअर, त्यात अ‍ॅमेझॉनवरून गाणी घ्यायची सोय, आणि त्या विक्रीचं जे कमिशन मिळेल ते डेव्हलपरांनी स्वतःच्या खिशात न घालता पूर्णच्या पूर्ण नोम फाउंडेशनला द्यायचं ठरवलेलं. उबुंटू ११.०४ मध्ये बॅनशी डिफॉल्ट होणार ठरलं. कॅनोनिकलने पर्याय ठेवले, एकतर अ‍ॅमेझॉनचं दुकान बंद ठेवून देऊ आणि कोणी स्वतः चालू केलं तर सगळे पैसे नोमला, नाहीतर चालू ठेवू पण ७५ टक्के आमचे, २५ नोमचे. डेव्हलपरांनी मतदान करून पहिला पर्याय निवडला, की कमी पैसे चालतील पण येतील ते सगळे नोमला. मग कॅनोनिकल म्हणाली, आमचं चुकलं, पर्याय द्यायलाच नको होते, आम्ही चालू ठेवून ७५ टक्के घेणार, आणि आमच्या स्वतःच्या उबुंटू वन स्टोअरच्या कमाईतूनही २५ टक्के नोमला देऊ. लायसन्सच्या दृष्टीने काहीही गैर नाही, कोड उघडा आहे, बदला. रक्कमही काही मोठी नव्हती. पण ‘तुम्ही देता किती’ या वादात कंपनी अडकलेली असताना देणगीच्या डब्यात हात घालायचा म्हणजे कमाल आहे, यापेक्षा वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता.

२०१२ मध्ये लिनक्स फाउंडेशनचा कर्नलवरचा रिपोर्ट आला आणि त्यात मायक्रोसॉफ्ट १७ व्या नंबरावर! हायपर-व्ही या त्यांच्या व्हर्च्युअल मशीनच्या सॉफ्टवेअरसाठीच्या ड्रायव्हरांमुळे, पण तरी. कॅनोनिकल वरच्या नावांत कुठेच नाही. उबुंटूच्या बग ट्रॅकरवरचा पहिला नंबरचा बग काय होता, तर ‘बाजारात मायक्रोसॉफ्टचा हिस्सा सगळ्यात मोठा आहे’. ह्यावर लोकांनी काय काय विनोद केले असतील ते सांगायला नको.

मग मिर. नोव्हेंबर २०१० मध्ये शटलवर्थने जाहीर केलं होतं की एक्स सोडून आम्ही वेलँड या त्याच्या जागी येणाऱ्या नव्या सिस्टीमकडे जाणार. वेलँडवाले खूश. आणि मार्च २०१३ मध्ये अचानक, नाही, आम्ही स्वतःचा डिस्प्ले सर्व्हर लिहितोय, मिर, काही महिने आतल्या आत चालू आहे. सोबत वेलँड का नको याची कारणं दिली, त्यातली काही तांत्रिकदृष्ट्या चुकीची निघाली, वेलँडच्या लोकांनी ती दाखवून दिली आणि कॅनोनिकलला तो मजकूर बदलावा लागला. लायसन्स जीपीएल ३, वर तोच सहीचा कागद. त्या सप्टेंबरात असं झालं की इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये मिरसाठीचा पॅच गेला होता, तो इंटेलच्या वरिष्ठांनी काढायला लावला, कॅनोनिकलने निवडलेल्या मार्गाला आमचा पाठिंबा नाही असं स्पष्ट लिहून. बघा गंमत, पाच वर्षं ओरड चालली होती की तुम्ही अपस्ट्रीमला, म्हणजे मूळ प्रोजेक्टला पॅच पाठवत नाही, आणि पाठवला तेव्हा परत आला. कारण तोपर्यंत कोणाला विश्वासच उरला नव्हता की हे काम सगळ्यांचं आहे. शटलवर्थने त्या ऑक्टोबरात टीकाकारांना ‘ओपन सोर्सची टी पार्टी’ म्हणून घेतलं, म्हणजे अमेरिकेतले ते कट्टर राजकारणी, आणि आगीत तेल पडलं.

न्यायाने वागायचं तर दुसरी यादीही द्यायला हवी, आणि ती लहान नाही. अपस्टार्ट, २००६ मध्ये उबुंटूने आणलेली इनिट सिस्टीम (मशीन चालू होताना बाकी सगळं सुरू करणारी), फेडोराने घेतली, रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ६ मध्ये होती, क्रोम ओएसमध्ये गेली. म्हणजे जिथे तिथे ‘काहीच दिलं नाही’ म्हणणाऱ्या रेड हॅटवाल्यांचे सर्व्हर काही वर्षं कॅनोनिकलच्या कोडवर बूट होत होते. पुढे त्याच कामाचं सिस्टमडी आलं, २०१४ मध्ये डेबियनने ते निवडलं, आणि शटलवर्थने मात्र तिथे मोठेपणा दाखवून दोन-तीन दिवसांत सांगितलं की आम्हीही तिकडेच येतो. क्लाउड-इनिट घ्या, आज कुठल्याही क्लाउडवर व्हर्च्युअल मशीन उठवलं की पहिल्या मिनिटाला एसएसएच की (दुरून लॉगिन करायची किल्ली) बसवणारं, होस्टनेम लावणारं जे काही चालतं ते बहुधा हेच असतं, मग ते मशीन रेड हॅटचं असो की सुसेचं. एलएक्ससी कंटेनरचं, म्हणजे एकाच कर्नलवर वेगवेगळ्या सिस्टीम चालवायच्या सोयीचं बरंच काम कॅनोनिकलच्या पगारावर झालं.

आणि अ‍ॅपआर्मरची गोष्ट तर या वादात कोणी मोठ्याने सांगायला हवी होती. हे प्रोग्रामवर बंधनं घालणारं सुरक्षेचं सॉफ्टवेअर मूळ इम्युनिक्सचं, ती कंपनी २००५ मध्ये नोव्हेलने घेतली, २००७ मध्ये नोव्हेलने ती टीमच घरी पाठवली. पुढे काम कॅनोनिकलने उचललं, कर्नलच्या लोकांचे आक्षेप एकेक करत निस्तरले आणि ऑक्टोबर २०१० मध्ये २.६.३६ मध्ये अ‍ॅपआर्मर मेनलाइनला, म्हणजे मुख्य कर्नलमध्ये गेलं. म्हणजे ज्या नोव्हेलच्या व्यासपीठावरून, म्हणजे पगारावरून म्हणा, कॅनोनिकलला शंभर पॅच म्हणून हिणवलं गेलं, त्याच नोव्हेलने टाकून दिलेलं काम कॅनोनिकलने वर नेऊन पोचवलं. कमिटच्या टक्केवारीत हे किती दिसेल? नगण्य.

ही यादी नीट बघितली तर एक गोष्ट जाणवते. जे टिकलं ते बहुतेक अशा ठिकाणी झालं जिथे बाकीचेही येऊन बसू शकत होते. कर्नलच्या झाडात, सगळ्या क्लाउडवाल्यांना हवं असलेल्या टूलमध्ये. आणि जे कंपाउंडच्या आत केलं, युनिटी, मिर, उबुंटूचा फोन, बझार, ते चांगलं असूनही एकाकी पडलं. ५ एप्रिल २०१७ ला शटलवर्थने जाहीर केलं की युनिटी ८ आणि फोन बंद, उबुंटू परत नोमवर येणार. १७.१० मध्ये आलंही. मिर नंतर वेलँडचाच कंपोझिटर (पडद्यावर खिडक्या रचणारा प्रोग्राम) लिहायची लायब्ररी झालं, याला काय म्हणावं!

त्यानंतरची कॅनोनिकल मला जास्त आवडते. नोम शेल तेव्हा जड चालायचं, कॅनोनिकलच्या डेव्हलपरांनी मटरमध्ये, म्हणजे नोमच्या विंडो मॅनेजरमध्ये बसून परफॉर्मन्सचं काम केलं. त्यातला ट्रिपल बफरिंगचा पॅच २०२० मध्ये नोमच्या गिटलॅबवर टाकला, कमजोर ग्राफिक्स असलेल्या मशीनवर अ‍ॅनिमेशन अडखळू नयेत म्हणून. रिव्ह्यू, बदल, परत रिव्ह्यू, मधे मटरचं आतलं रूपच बदललं की परत सगळं नव्याने बसवा. उबुंटूने २२.०४ पासून तो स्वतःच्या पॅकेजात लावून लोकांना दिला, पण मूळ नोममध्ये घालायचा प्रयत्न सोडला नाही, आणि अखेर मार्च २०२५ मध्ये आलेल्या नोम ४८ मध्ये तो आत गेला. साधारण पाच वर्षं. २०१० ची कॅनोनिकल असती तर सहाव्या महिन्यात ‘तुम्हाला नको तर राहू दे’ म्हणून नवीन विंडो मॅनेजर काढला असता, मला खात्री आहे.

पण खोड गेली असं म्हणवत नाही. स्नॅपचं, म्हणजे प्रोग्राम वाटायच्या कॅनोनिकलच्या पद्धतीचं घ्या, क्लायंट खुला, स्टोअरचा सर्व्हर बंद आणि एकाच कंपनीचा. उबुंटूवरच उभ्या असलेल्या लिनक्स मिंटने २०२० मध्ये व्हर्जन २० पासून स्नॅप मुद्दाम अडवून ठेवलं ते यावरूनच. आणि एलएक्सडीचं, म्हणजे कंटेनर सांभाळायच्या टूलचं तर अलीकडचं आहे. वर्षानुवर्षं लिनक्स कंटेनर्स या सामाईक प्रोजेक्टखाली चाललेलं एलएक्सडी जुलै २०२३ मध्ये कॅनोनिकलने स्वतःकडे घेतलं. पुढच्याच महिन्यात त्याचा फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून वेगळा प्रोजेक्ट निघाला, इंकस, आणि तो जुन्या लोकांनी लिनक्स कंटेनर्सखाली घेतला. डिसेंबरात कॅनोनिकलने एलएक्सडीचं लायसन्स सैल अपाची २ वरून जीपीएलच्या घराण्यातल्या एजीपीएलवर नेलं आणि योगदान द्यायचं तर कागदावर सही परत आणली. याचा व्यवहारातला अर्थ असा की इंकस अजून अपाचीवर असल्यामुळे इंकसमधला सुधारलेला कोड एलएक्सडी उचलू शकतं, एलएक्सडीतला नवा कोड मात्र इंकसला घेता येत नाही. रस्ता एकाच बाजूने चालू.

मजा म्हणजे एजीपीएल हे जास्त कडक कॉपीलेफ्ट (बदलही खुले ठेवायची अट), तत्त्वाने बघणारा म्हणेल की हे तर जास्त ‘फ्री’ झालं, आणि उलट २०२५ मध्ये २५.१० मध्ये उबुंटूने जीएनयूच्या कोअर युटिलिटीजच्या (रोजच्या छोट्या कमांडच्या) जागी रस्ट भाषेत लिहिलेली, सैल एमआयटी लायसन्सची डिफॉल्ट आणली तेव्हा तेच लोक म्हणतायत की जीपीएल सोडलं. दोन्हीकडून शिव्या! त्याच वर्षी कॅनोनिकलने छोट्या प्रोजेक्टांच्या डेव्हलपरांना महिन्याला १०,००० डॉलर वाटायचं जाहीर केलं, वर्षाला एक लाख वीस हजार. एक बाजू म्हणते चांगलं आहे, कोण देतं एवढं. दुसरी म्हणते एवढ्या मोठ्या कंपनीला ही चिल्लर आहे. पुन्हा ‘किती’वरच गाडी अडली. मी मात्र एलएक्सडीच्या त्या सहीच्या कागदाकडे बघतोय, तो कधी निघतो का.